टूरिंग बाईकचा वाटेतला दगा: तीनदा थांबलो, तिन्ही वेळा बॅटरीलाच दोष

दूरगामी (धागाकर्ता)

मंडळी, तिसऱ्यांदा टोइंगच्या गाडीवर बाईक चढवून घरी आणली आहे. डोकं तापलेलं आहे, पण जमेल तितकं क्रमाने लिहितो.

गाडी मोठी टूरिंग, दोन सिलिंडरची, वॉटर कूल्ड, ४१ हजार किमी झालेली. सर्व्हिस पुस्तकाबरहुकूम. ऑइल, फिल्टर, व्हॉल्व्ह क्लिअरन्स, काही म्हणजे काही चुकवलेलं नाही.

पहिल्यांदा दिवसभरात साडेपाचशे किमी करून पेट्रोल भरायला थांबलो. परत सेल मारला तर नुसतं टकटक. डिस्प्ले लुकलुकला आणि घड्याळ पुन्हा बारावर गेलं. दोघांनी ढकलून पाहिली, पण सामानासकट तेवढं वजन ढकलून पुरेसा वेग येत नाही. दुसऱ्या बॅटरीवरून जंप दिला, चालू झाली, चाळीसेक किमी गेली आणि चालता चालता बंद पडली. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, बॅटरी म्हातारी झाली. तीन वर्षांची होती, मला पटलं. बदलली.

दुसऱ्यांदा चार महिन्यांनी, रात्री, पावसात. आधी एबीएसचा दिवा लागला, मग हेडलाइट पिवळट झाला, मग इंजिन मिसिंग करायला लागलं. बायको मागे बसलेली. रस्त्याच्या कडेची मोकळी पट्टी संपते तिथे आम्ही दीड तास उभे होतो, हेल्मेट न काढता, आणि प्रत्येक ट्रक जवळून गेला की गाडी स्टँडवर हलायची. तो दीड तास मी विसरू शकत नाही. बॅटरी वॉरंटीत बदलून मिळाली. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर म्हणे, "कोड काही नाही, गाडी ओके आहे."

तिसरी वेळ परवाची. बॅटरी पाच महिन्यांची, तरी तेच.

गाडीत क्रूझ कंट्रोल आहे, गरम होणाऱ्या ग्रिप आहेत, सस्पेन्शन बटणावर बदलतं. पण ती का थांबली हे ती सांगत नाही आणि ज्यांनी सांगायचं तेही सांगत नाहीत. ज्या गाडीच्या नावातच लांबचा प्रवास आहे तिच्याकडून माझी पहिली अपेक्षा एवढीच, की मागे बसलेल्या माणसाला अंधारात रस्त्यावर उभं करू नये.

तुमच्या गाड्या वाटेत कशाने थांबल्या आणि तिथल्या तिथे काय करता आलं, ते लिहा. "गाडी बदला" एवढं मात्र नको.

चौथा गिअर

वाचूनच अंगावर आलं. वहिनी ठीक आहेत ना?

माझ्या बाबतीत पेट्रोल पंप, म्हणजे टाकीच्या आतला. भर दुपारी गाडी आचके द्यायला लागली, अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा नीट चालायची. चार वेळा असं झालं. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो हे मला नंतर कळलं. मी रेंजचा हिशेब करत टाकी तळाला जाईपर्यंत चालवायचो आणि पंप गरम पेट्रोलच्या वर कोरडा तापायचा. शिवाय आतली जाळी गाळाने भरलेली निघाली. आता उन्हाळ्यात पाव टाकी उरली की भरतो.

गॅरेजकाका

दूरगामी, तीन बॅटऱ्या लागोपाठ खराब निघत नाहीत. तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे, फक्त ते कुणी नीट ऐकलं नाही. जंप दिल्यावर गाडी चाळीस किमी गेली. आता हिशेब करा. इंजेक्शन, पंप, हेडलाइट, एबीएस, कूलिंग फॅन मिळून अशी गाडी सहज १५ अँपिअर खाते. बॅटरी बारा-चौदा अँपिअर अवरची. चार्जिंग अजिबात नसेल तर भरलेली बॅटरीसुद्धा तासभर पुरत नाही, अर्धवट भरलेली अर्धा तास. म्हणजे त्या चाळीस किमीत गाडी बॅटरीवर चालत होती. तुमची बॅटरी उपाशी मेली.

एक मल्टीमीटर घ्या, साधा चालेल. आता सांगतो ते आकडे लिहून इथे टाका.

गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट हवेत. इंजिन चालू करून ४-५ हजार आरपीएमला १३.८ ते १४.५. तेरा किंवा त्याहून कमी असेल तर चार्जिंग नाही. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरून धरणारा भाग) गेला, आणि तो बॅटरीबरोबर इतर वस्तूही जाळेल.

आणि महत्त्वाचं: हे चालू गाडीचं मोजमाप गाडी थंड असताना करू नका. दोन तास चालवून, फॅन लागलेला असताना, सगळे दिवे आणि ग्रिप चालू ठेवून करा. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी सकाळी थंड तपासली जाते, म्हणून ती "ओके" निघते.

उत्तररात्र

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. आजच्या गाड्या जितक्या भरवशाच्या आहेत तितक्या आधी कधीच नव्हत्या. मी कॉन्टॅक्ट पॉइंट (प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारा छोटा स्विच) आणि कार्बोरेटरच्या काळापासून चालवतोय. तेव्हा दर काही हजार किमीला पॉइंटची फट बघायची, उंचावर गेलं की कार्बोरेटरचं जेट बदलायचं, पाऊस लागला की प्लगची टोपी पुसायची. टेड सायमन १९७३ ते १९७७ या काळात ५०० सीसीच्या ट्रायम्फवर जगभर सुमारे एक लाख किमी फिरला, तेव्हा वाटेत त्याला इंजिन उघडावं लागलं होतं. तेव्हाच्या लांबच्या प्रवाशाला हे येणं भाग होतं. आज लोक एक लाख किमी इंजिनाच्या हेडला हात न लावता करतात. २४ तासांत १००० मैल, म्हणजे १६०९ किमी, करणारे हौशी रायडर हजारोंनी आहेत आणि त्यांच्या गाड्या बहुतेक शोरूममधल्याच असतात.

आपण थांबलेल्या गाड्यांचे धागे काढतो. न थांबलेल्या गाडीचा धागा कुणी काढत नाही.

दूरगामी

उत्तररात्र, राग कसला, तुमचं म्हणणं खरं आहे. इंजिनाबद्दल माझीही तक्रार नाहीच, ते घड्याळासारखं चालतं. पण तुम्ही सांगताय त्या काळात गाडी थांबली तरी माणूस काहीतरी करू शकत होता. पॉइंटला पॉलिश पेपर लावून पुढे जाता येत होतं. माझी गाडी दहा वर्षांत एकदाच थांबली असती आणि का थांबली ते मला कळलं असतं, तर मी हा धागा काढलाच नसता. मला राग थांबण्यापेक्षा त्या "गाडी ओके आहे"चा जास्त आहे.

काका, मीटर मागवलाय. शनिवारी आकडे टाकतो.

निळी टाकी

माझा किस्सा छोटा आहे पण कुणाला तरी उपयोगी पडेल. मी एकटीने बऱ्याच लांबच्या राइड करते. एकदा चिखलाच्या रस्त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये चालू व्हायची आणि पहिला गिअर टाकला की बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. क्लच गेला असं समजून मी रडकुंडीला आले होते. एका ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "ताई, स्टँडचा स्विच बघितलात का?" साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल बसला होता. गाडीला वाटत होतं स्टँड खालीच आहे. बाटलीतल्या पाण्याने धुतला, चार वेळा स्टँड वर-खाली केला, झालं.

तेव्हापासून ते लक्षण मी मनात पक्कं केलंय: न्यूट्रलला चालते, गिअरला मरते, म्हणजे स्टँडचा स्विच. क्लचच्या लिव्हरखालचा स्विचही तसाच छळतो, फक्त तो गेला तर गाडी गिअरमध्ये असताना सेलच मारत नाही. न्यूट्रल करून पाहायचं.

तेलकट हात

चार्जिंगवर काका बोलतीलच. मी मागच्या चाकाबद्दल लिहितो, कारण माझं दुखणं तिथलं होतं.

चेनची कटकट नको म्हणून शाफ्टवाली, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक चालवणारी गाडी घेतली. ५० हजारांपर्यंत काही बघावं लागलं नाही. मग एकदा उतारावर मागचं चाक डोलल्यासारखं वाटलं. टायरला दोष दिला, हवा तपासली, पुढे गेलो. दोनशे किमीवर फायनल ड्राइव्हच्या (शाफ्टच्या टोकाला चाकाजवळची गिअरपेटी) सीलमधून ऑइल चाकावर आलं. आतलं मोठं बेअरिंग गेलं होतं. हे काम रस्त्यावर होत नाही, जवळच्या गॅरेजमध्येही होत नाही. त्यात शिम (फट जुळवणाऱ्या पातळ चकत्या) मोजून बसवावे लागतात. आठ दिवस अडकलो.

चेन आणि शाफ्ट यांत शाफ्ट कमी वेळा दगा देतो हे मी आजही मानतो. पण चेन मरण्याआधी महिनाभर सांगत राहते, आवाज करते, ताठ कड्या दाखवते, स्प्रॉकेटचे दात वाकतात. शाफ्टचं सगळं झाकलेलं. म्हणून विचारायला आपल्यालाच जावं लागतं. फायनल ड्राइव्हचं ऑइल बदलताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय ते बघा. राखाडी लेप चालतो, चमकणारे कण किंवा पापुद्रे चालत नाहीत. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खडखड जाणवली तर प्रवास पुढे ढकला. आणि स्प्लाइन, म्हणजे शाफ्टच्या जोडातले एकमेकांत बसणारे दाते. चाक किंवा स्विंग आर्म उघडेल तेव्हा स्प्लाइनला मॉलिब्डेनमचं ग्रीस लागलं पाहिजे, साधं नाही. कोरड्या स्प्लाइन आतल्या आत झिजतात आणि एक दिवस इंजिन फिरतं, चाक फिरत नाही.

चेनवाल्यांसाठी एकच: ताण गाडी रिकामी असताना पुस्तकाप्रमाणे ठेवलात आणि नंतर दोन माणसं, तीन पेट्या चढवल्या, तर मागचं बसल्यावर चेन घट्ट होते. घट्ट चेन पुढच्या स्प्रॉकेटमागचं बेअरिंग आणि सील खाते. सैल चेन परवडते, घट्ट नाही.

अनवट वाट

तेलकट हात यांना अनुमोदन. ओझ्याचा विषय निघालाच आहे तर, लांबच्या गाडीचा मागचा सबफ्रेम, म्हणजे सीट आणि सामान पेलणारा सांगाडा, बघत जा. माझ्या गाडीचा टॉप बॉक्सचा रॅक मधोमध तुटला. दोष गाडीचा म्हणायचा की माझा? रॅकवर पाच किलोची मर्यादा लिहिलेली होती आणि मी त्यावर बारा किलो घेऊन खडबडीत रस्त्यावर चाललो होतो. टॉप बॉक्स मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकतो, प्रत्येक खड्ड्याला तो रॅकला कुदळीसारखा उचकटतो. जड वस्तू बाजूच्या पेट्यांत तळाला, टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि कपडे.

नट-बोल्टवर रंगाच्या पेनाने एक रेघ मारून ठेवतो, अर्धी बोल्टवर अर्धी फ्रेमवर. सकाळी निघताना एक चक्कर मारली की सरकलेली रेघ लगेच दिसते.

चौथा गिअर

रेघेची युक्ती उत्तम आहे, उचलतो.

दूरगामी

आकडे आणलेत. काल तीन तास चालवली.

सकाळी थंड: १२.७. चालू केल्यावर ५ हजारला १४.२. सगळं छान, मला वाटलं काका चुकले. तासाभराने १३.६. दोन तासांनी, फॅन लागलेला, ग्रिप चालू: १२.४. आरपीएम वाढवलं तरी वर जाईना. गाडी बंद करून अर्धा तास थांबलो, परत चालू केली तर १४ दाखवलं.

तीन वेळा टोइंग केली आणि हा आकडा इतक्या दिवसांत एकानेही मोजला नव्हता.

गॅरेजकाका

शाब्बास. गरम झालं की तुटतं, थंड झालं की जोडलं जातं. आता मुद्दा सापडला.

या गाड्यांत चार्जिंग कसं होतं ते थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या कव्हरखाली क्रँकवर चुंबकांचा रोटर फिरतो, त्याच्या आत स्टेटरची कॉइल असते. तिथून तीन वायर बाहेर येतात, बऱ्याच गाड्यांत पिवळ्या. त्या एका कपलरमधून, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमधून, रेग्युलेटर-रेक्टिफायरकडे जातात. तिथे एसीचा डीसी होतो आणि व्होल्टेज चौदाच्या आसपास धरून ठेवलं जातं.

जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर शंट असतो. गाडीला नको असलेली वीज तो शॉर्ट करून परत स्टेटरमध्येच फिरवतो. म्हणजे तुम्ही दिवा बंद केला, ग्रिप बंद केल्या, तरी स्टेटरला विश्रांती नाही. तो आणि त्याचा कपलर कायम पूर्ण करंटवर. सिरीज पद्धतीचा रेग्युलेटर नको असलेली वीज तोडतो, म्हणून स्टेटर थंड राहतो. गावात ये-जा करणाऱ्या गाडीला हा फरक जाणवत नाही. सलग आठ तास ५ हजार आरपीएमवर चालणाऱ्या गाडीला तोच मारतो.

त्या कपलरमध्ये थोडी ओल गेली, पिनवर हिरवट थर आला, की रोध वाढतो. २० अँपिअर करंट आणि एक दशांश ओहम रोध धरा. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ४० वॅट उष्णता. तेवढ्यात सोल्डरिंग आयर्न तापतं. इथे ती एका नखाएवढ्या प्लास्टिकच्या आत तापतेय. प्लास्टिक मऊ होतं, पिन सैल होते, रोध आणखी वाढतो. तीनपैकी एक वायर सुटली की चार्जिंग निम्म्याच्या आसपास येतं. गाडी लगेच थांबत नाही, दिवसभर हळूहळू बॅटरी खाते आणि संध्याकाळी पेट्रोल भरायला थांबलात की सेल फिरत नाही.

स्कॅनरला कोड का येत नाही, तर बऱ्याच गाड्यांत या तीन वायरींवर सेन्सरच नसतो. कंट्रोल युनिटला फक्त व्होल्टेज कमी झाल्याचं कळतं, आणि बॅटरीची जोडणी सुटल्याबरोबर काही गाड्यांत तेही पुसलं जातं.

आता सीट आणि डावीकडचं पॅनल काढा, पिवळ्या वायरी शोधा, कपलर उघडा. फोटो टाका.

उत्तररात्र

काका, हे इतकं स्वच्छ कुणी समजावलं नव्हतं. माझा आधीचा मुद्दा मी थोडा मागे घेतो. माझ्या जुन्या गाडीत अँपिअर मीटर होता, काटा मायनसमध्ये गेला की दोन मिनिटांत कळायचं. आता एवढा मोठा रंगीत डिस्प्ले असतो, हवेचं तापमान दाखवतो, गाणं कुठलं चालू आहे ते दाखवतो, आणि व्होल्टेज दाखवणाऱ्या गाड्या थोड्याच.

युरो ५ हे युरोपातले धुराचे नियम आल्यापासून, म्हणजे २०२०-२१ नंतर, स्कॅनरचा कपलर सहा पिनांचा एकसारखा होत चाललाय ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. आधी प्रत्येक कंपनीचा वेगळा असायचा. पण काका म्हणतात तसं, जिथे सेन्सर नाही तिथे स्कॅनर आंधळाच.

निळी टाकी

दूरगामी, कपलर उघडला का? उत्सुकता लागली आहे.

दूरगामी

उघडला. फोटो चढत नाहीये म्हणून शब्दांत सांगतो. कपलर पांढरा असायला हवा होता, एका बाजूने चॉकलेटी झालाय. तीनपैकी मधली पिन काळी आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक वितळून पिनला चिकटलंय. खेचल्यावर पिन वायरसकट हातात आली.

मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. पावसातली ती रात्र, आणि कारण हे, अंगठ्याच्या पेराएवढं.

काका, आता पुढे? स्टेटरही गेला असेल का?

गॅरेजकाका

आधी मोजा. कपलर सुटा असतानाच, इंजिन बंद, स्टेटरच्या बाजूच्या पिवळ्या वायरींत दोन-दोनच्या जोडीने रोध बघा. एक ओहमच्या आत आणि तिन्ही जोड्यांत सारखा हवा. मग प्रत्येक वायर आणि इंजिनाची बॉडी यांत बघा, तिथे काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर स्टेटर जळून बॉडीला लागलाय. शेवटी इंजिन चालू करून मीटर एसीवर ठेवा, ५ हजारला तिन्ही जोड्यांत सारखं व्होल्टेज हवं, बहुतेक गाड्यांत पन्नासच्या वर असतं. हात सांभाळा, झटका बसेल एवढं ते असतं.

दूरगामी

रोध तिन्ही जोड्यांत ०.४. बॉडीशी जोड नाही. एसी ६१, ६१, ६२.

गॅरेजकाका

स्टेटर वाचला. नशीब चांगलं आहे.

जळलेला कपलर कापून टाका. वायर मागे मागे कापत जा, आत तांब्याचा रंग लख्ख दिसेपर्यंत. काळी पडलेली तार धरली तर तोच रोग पुन्हा. तिन्ही पिवळ्यांत क्रम उलटसुलट झाला तरी चालतो, ते थ्री फेज आहे. जाड पिनांचा, रबरी सील असलेला कपलर मिळाला तर तो लावा. नसेल तर चांगल्या क्रिंपरने (जोड दाबायची पक्कड) जोड दाबून वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. तीन जोड एकाच जागी येऊ देऊ नका, मागे-पुढे ठेवा. मग रेग्युलेटर तपासा. गरम असताना बॅटरीच्या प्लसपासून रेग्युलेटरच्या प्लसपर्यंत व्होल्टेजचा फरक बघा, ०.२ च्या आत हवा. तसाच मायनसला. जास्त असेल तर तिकडचाही कपलर तसाच झालाय.

सगळं झाल्यावर हॅंडलवर एक छोटा व्होल्टमीटर बसवा.

दूरगामी

तीन आठवड्यांनी परत आलोय.

कपलर बदलला, सील असलेला. रेग्युलेटरच्या बाजूची प्लस पिनही थोडी तपकिरी होती, ०.५ व्होल्टचा फरक येत होता, तीही बदलली. हॅंडलवर मीटर बसवला. मग दोन दिवसांत ११४० किमी करून आलो, एकटाच, मुद्दाम ऊन असताना. दिवसभर मीटर १४.० ते १४.३. फॅन लागला की १३.८, परत वर. पहिले दोनशे किमी मी रस्त्यापेक्षा त्या मीटरकडे जास्त बघत होतो.

सर्व्हिस सेंटरला जळलेला कपलर नेऊन दाखवला. तिथल्या मुलाने तो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "साहेब, हा आम्हाला ट्रेनिंगमध्ये दाखवत नाहीत." खोटं बोलत नव्हता. तो कपलर मी त्यालाच देऊन आलो.

निळी टाकी, तुमचा स्टँडचा स्विचही साफ केला. अनवट वाट, रेघा मारल्या, एक सरकलेली निघाली, डाव्या पेटीच्या फ्रेमची. काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

बायको पुढच्या महिन्यात येईन म्हणाली आहे. आधी मीटरचा आकडा किती असायला हवा ते विचारून घेतलं.

गॅरेजकाका

बरं वाटलं. दोन-तीन हजार किमीनंतर कपलर एकदा हाताने चाचपा, गरम लागला तर कळवा. आणि मीटर थेट बॅटरीवर जोडला असेल तर काढा, गाडी महिनाभर उभी राहिली की तोच बॅटरी उतरवेल.

दूरगामी

टेललाइटच्या वायरवरून घेतलाय, चावी बंद की मीटर बंद. तिथे आकडा बॅटरीपेक्षा ०.२ कमी दिसतो, तेवढं मनात धरून चालतो.